येतो म्हणजे जातो

४ ऑगस्ट, सोमवार

आज जाग आली ती एका जुन्या आवाजानं. चाळीस पोरं एका दमात 'ण' म्हणताहेत. जीभ मागं वळवायची, टाळूला लावायची, सोडायची. ण, ण, ण. वर पत्रे होते, त्यांच्याखाली तो आवाज असा घुमायचा की बाहेर बांधलेली शेळीसुद्धा चरायची थांबून बघायची. मुखेड तालुक्यातली ती शाळा, दोन हजार सालची. उशीवर डोकं ठेवून बराच वेळ ऐकत पडलो.

आवाज कुठून आला तेही कळलं. काल औसा रोडला नागसेन भेटला. माझा त्या शाळेतला विद्यार्थी. चांगली गाडी थांबवून उतरला, भर रस्त्यात वाकला. आता त्याचं लातुरात स्वतःचं ऑफिस आहे, मोबाइलची अ‍ॅप बनवतो. पुण्याच्या एका कंपनीचा 'भुईकोट' म्हणून खेळ आहे. त्यात ज्यानं त्यानं आपला कोट बांधायचा, तटबंदी वाढवायची, वर्षानुवर्षं राखायचा. खेळ त्यांचा, पण प्रत्येक खेळाडूच्या खात्याला सोबत म्हणून जे वेगळं अ‍ॅप लागतं ते नागसेन करतो. खेळत नसलात तरी आपला कोट त्यात बघायचा, गड्यांना निरोप द्यायचा, खात्याचं कुलूप बदलायचं. मराठी खेळाडू लाखांनी आहेत आणि त्यातलं मराठी मशीननं केलेलं. कोटावर कुणी हल्ला केला की अ‍ॅप म्हणतं, "तुमच्या किल्ल्याला झटका आला आहे." हे सांगताना तोही हसला, मीही.

म्हणाला, सर, शब्द तुम्ही द्या. तुमच्याइतकं शुद्ध कोण सांगणार? मग म्हणाला, "सर, मी 'पानी' म्हणालो म्हणून तुम्ही मला बाकावर उभं केलं होतं. सुट्टीपर्यंत पाणी, पाणी म्हणत होतो. प्यायला मात्र सोडलं नव्हतं." हसत हसतच सांगितलं. मला आठवत नाही. पण आज त्याचा 'ण' काय सुरेख उमटतो. शिकवलेलं वाया जात नाही.

११ ऑगस्ट

ऑफिसात पहिला दिवस. खाली कोचिंग क्लास आहे, भिंतीतून भौतिकशास्त्र ऐकू येतं. वर सहा जण, सगळे कानात गाण्याची बोंडं घालून. अ‍ॅपच्या एका सूचनेत चोवीस अक्षरं मावतात म्हणे. अनुष्टुभाला बत्तीस लागतात. मी नागसेनला विचारलं, चौथा चरण कुठं टाकू? त्याला कळलं नाही, पण मान हलवली.

तपासणीचं काम एका मुलीकडे आहे. शिवगंगा. मी दिलेला शब्द ती अ‍ॅपमध्ये बसवून बघते. ठीक असेल तर तक्त्यात हिरवी खूण, नसेल तर लाल. लाल खूण असलेला शब्द बाहेर जात नाही. निलंग्याची निघाली. शंकरप्पांची मुलगी! शंकरप्पा पेंड-सरकीचे दुकानदार, आमच्याच समाजातले, नात्यात नाहीत पण लग्नकार्यात भेटतात. घरी कानडी बोलतात.

सायंकाळी त्यांचाच फोन. "गुरुजी, तुम्ही तिथं हाव म्हणून पोरीला ठिवलो बघा." दिवाळीपर्यंत तिला कायम केल्याचं पत्र हाती आलं तर राहील लातुरात. नाही आलं तर उदगीरच्या आडतवाल्यांचं स्थळ सांगून आलंय, ते पक्कं करायचं. मुलगी त्या घराला तयार नाही, हेही त्यांनीच सांगितलं, पावसाचं सांगावं तसं.

मी म्हटलं, काळजी करू नका, मी आहे.

२० ऑगस्ट

आज मनाजोगं काम झालं. खात्यातून बाहेर पडायचं बटण आहे, त्यावर 'लॉगआउट' लिहिलेलं. कुणी तरी 'जा' करून ठेवलं होतं. जा! आपल्याकडे उंबऱ्यावर कुणी 'जातो' म्हणतं का? 'जातो' म्हटलं की आतून बाई ओरडते, अहो येतो म्हणा. माझी बायको सिंधु होती तोवर मी नुसता दळण आणायला निघालो तरी तसं म्हणायची. म्हणून मी तिथं शब्द दिला 'येतो'. ते बटण दाबलं की खातं बंद होतं आणि अ‍ॅप म्हणतं, 'या'.

सगळे खूश. एक पोरगा म्हणाला, सर, एकदम घरचं वाटतंय. शिवगंगेनंही लगेच हिरवी खूण केली. घरी येताना रिक्षात मला उगाच भरून आलं.

५ सप्टेंबर

शिक्षकदिन. ऑफिसात शाल दिली. नागसेन चार शब्द बोलायला उभा राहिला आणि बोललाच नाही. "सरांसमोर काय बोलू," एवढंच. असा आदर आता दिसत नाही.

९ सप्टेंबर

आजचा शब्द सगळ्यात महत्त्वाचा, असं नागसेननं दोनदा बजावलं. चोरांकडे लोकांच्या पासवर्डांच्या याद्या असतात. चोर आपल्या फोनवरून दुसऱ्याचं खातं उघडायला जातो. तेव्हा खऱ्या मालकाच्या फोनवर सोबतीचं अ‍ॅप विचारतं, नवीन फोनवरून कुणी तरी खातं उघडतंय, आत घेऊ का? मालक नाही म्हणाला की चोर बाहेरच. तेवढा एकच अडसर.

तिथं पूर्वी होतं: 'नवीन उपकरण. मंजूर / नामंजूर'. तहसीलचा वास येतो त्याला. मी विचार केला, ही तर दारातली गोष्ट. दारात कुणी उभं आहे आणि आत येऊ का विचारतंय. मग शब्द आपोआप आले. 'नव्या फोनवरून कुणी येतो म्हणतंय.' खाली दोन बटणं: 'या' आणि 'नको'.

निघतानाही येतो, शिरतानाही येतो. एकाच शब्दात येणं-जाणं मावतं अशी भाषा दुसरी कुठली असेल? वर्गात ही गंमत सांगितली असती तर पोरं डोळे मोठे करून बसली असती.

१६ सप्टेंबर, मंगळवार

आज जरा बोलावं लागलं.

सकाळी पाहिलं तर माझ्या त्या शब्दापुढे लाल खूण. शिवगंगेला विचारलं. ती खुर्चीवरून उठून माझ्याजवळ आली, हळू आवाजात म्हणाली, "सर, रागाला येऊ नका. येतो म्हणजे काय धरायचं ओ? आलाय का निघालाय?"

मी म्हटलं, संदर्भानं कळतं.

"नाही कळत, सर. बाहेर पडायलाबी येतोच ठेवलंय आपण. कुणी निघालं की आपण 'या' म्हणतोच की. लोकांना वाटंल, खातं बंद होऊन राहिलंय. दाबतील 'या'. आणि चोर आत." तिनं म्हणे हॉस्टेलच्या तीन मैत्रिणींच्या हाती फोन देऊन बघितलं. तिघींनी 'या' दाबलं.

"म्हणजे मुली संस्कारी आहेत," मी म्हटलं. बाकीचे हसले. तरी ती हलेना. म्हणाली, एवढा एक बदला, सर, फार तर 'दार उघडू का' करा.

मला काय झालं कोण जाणे. पस्तीस वर्षं मराठी शिकवली, त्यात वृत्तं, अलंकार, प्रयोग. ही कालची पोर मला 'येतो'चा अर्थ सांगते. मी तिला म्हटलं, बाळ, आधी 'चमचा' म्हण. तिनं म्हटलं. तिच्या तोंडी चमच्यातला 'च' चहातल्या 'च'सारखा येतो, कानडी वळण. मी म्हटलं, पुन्हा. पुन्हा म्हटलं. सगळ्यांनी कानातली बोंडं काढली. सहा-सात वेळा म्हणायला लावलं. पहिल्या दोनदा तीही हसली. पुढं तिचा आवाज बारीक झाला, आणि गंमत म्हणजे मग 'च' आणखीच बिघडत गेला. मी म्हटलं, ज्याला चमचा धरता येत नाही त्यानं स्वयंपाकाला नावं ठेवू नयेत. या वाक्याला टाळ्या पडल्या.

मग मी सांगितलं, ती खूण हिरवी कर. तिनं केली. मी पाठीमागं उभा राहून पाहिलं.

नागसेन तेव्हा दारात पाणी पीत उभा होता. ग्लास अर्धा तसाच ठेवून आत गेला. फोन आला असावा.

कडक बोललो का? थोडं. पण ती विसरेल. मुलं विसरतात.

२ ऑक्टोबर, दसरा

अ‍ॅप सर्वांसाठी खुलं झालं. नागसेनला हाच दिवस हवा होता. ऑफिसात पेढे. शिवगंगेनं पेढा माझ्या हातावर ठेवला आणि वाकली. कायमच्या पत्राबद्दल नागसेनला विचारलं, तो म्हणाला तयार आहे, सोमवारी सही करतो. मी लगेच शंकरप्पांना कळवलं. ते "बरं" म्हणाले. फार आनंद झालेला वाटला नाही.

माझ्या फोनवर अ‍ॅप घेतलं आणि नुसता 'येतो' दाबत बसलो. दर वेळी ते 'या' म्हणायचं. या घरात बऱ्याच दिवसांनी कुणी तरी मला तसं म्हणालं.

६ ऑक्टोबर, सोमवार

अनर्थ झाला.

चार दिवसांत तीनशेच्या वर कोट चोरांच्या हाती गेले. सगळे मराठी खेळाडूंचे. हिंदी, कन्नड, तेलुगूतला एकही नाही. ऑफिसात फोन वाजायचे थांबत नव्हते. एक फोन मलाही धरायला दिला. चाकूरचा एसटी कंडक्टर होता, चाळिशीचा असेल. पाच वर्षं रोज ड्यूटी संपवून कोट बांधला होता, तटाला सोळा बुरूज होते. बापाचं नाव एका बुरुजाला, भावाचं एकाला. म्हणाला, "साहेब, फोनवर आलं कुणी येतो म्हणतंय. मी म्हटलं निघालाय कुणी, आपल्याला काय, 'या' म्हणलो. दिवसातनं पन्नासदा म्हणतो आम्ही." मग नाक ओढल्याचा आवाज तेवढा येत होता. चोरानं आत जाऊन सगळे बुरूज पाडले होते.

मी त्याला धीर धरायला सांगितलं. दुसरं काय सांगणार?

पत्रावर आज सही होणार होती. कुणी तो विषय काढला नाही.

८ ऑक्टोबर

पुण्याची कंपनी म्हणते, ही चूक तपासणीतून सुटली कशी ते लेखी कळवा. कुणामुळे सुटली त्याचं नाव द्या, त्याला कामावरून काढल्याचं कळवा, मगच पुढचं काम.

नागसेननं सगळ्यांना बसवलं. भिंतीवर तक्ता दाखवला. त्या शब्दापुढे हिरवी खूण, शिवगंगेच्या नावानं. "ही तू केलीस?" तिनं हो म्हटलं. म्हणाली, आधी लाल होती सर, मी सरांना सांगितलं होतं. आणि माझ्याकडे बघत राहिली. रागानं नव्हे. फळ्यावरचं उत्तर बरोबर आहे ना, असं विचारताना मुलं बघतात तसं.

नागसेन माझ्याकडे वळला. "सर, हिनं तुम्हाला सांगितलं होतं?"

खोलीत सहा माणसं होती. त्या दिवशी हीच सहा जण होती, सगळ्यांनी ऐकलेलं, टाळ्याही त्यांच्याच. पण उत्तर माझ्याकडे मागितलं. मी म्हणालो, "काही तरी बोलली असेल. तिचे उच्चार स्पष्ट नसतात, मला नीट कळलं नाही."

नागसेननं क्षणभर टेबलाकडे पाहिलं, आणि म्हणाला, बरं सर.

घरी आल्यावर वही चाळली. १६ सप्टेंबरचं पान आहे. तिनं जे सांगितलं ते शब्दाशब्दानं लिहिलंय, माझ्याच हातानं. म्हणजे नीट कळलं होतं. मग मी तसं का म्हणालो? पान फाडावंसं वाटलं. फाडलं नाही. त्या दिवशी अक्षर फार वळणदार आलंय.

९ ऑक्टोबर

शिवगंगा गेली. मी पोहोचायच्या आत टेबल रिकामं होतं. निरोप घ्यायला हवा होता तिनं, असं मनात आलं. ऑफिसातला एक पोरगा म्हणाला, निलंग्याचा फोन आला होता, तिच्या अप्पांनी सकाळच्याच गाडीनं बोलावून घेतलं.

१३ ऑक्टोबर, सोमवार

नागसेन घरी आला. पहिल्यांदाच. खुर्चीच्या कडेला बसला, चहा घेतला नाही. कंपनीनं काम पुढं चालू ठेवलंय. तो शब्द काढला, आता तिथं ठळक अक्षरांत 'धोका' आहे आणि खाली 'लॉगिन'. बाहेर पडायचं बटणही पुन्हा 'लॉगआउट'. मी म्हटलं, अरे, निदान बाहेर पडतानाचा 'येतो' तरी ठेवायचा. तो म्हणाला, सर, आता तुम्ही ऑफिसात आला नाहीत तरी चालेल.

मी विचारलं, शिवगंगेच्या जागी कुणी मिळालं का? तेव्हा तो म्हणाला, "त्या दिवशी मी दारातच होतो, सर. चमचा ऐकला सगळा."

मग बोलला का नाहीस, असं मी विचारलं. खरंच विचारलं. रागानं नाही.

"तुमच्यासमोर अजून माझी जीभ उचलत नाही," तो म्हणाला. "पंचवीस वर्षं झाली. घरी मुलीला शिकवताना 'ण' आला की घसा कोरडा पडतो. मला वाटलं होतं, तुम्हाला पगार देईन तेव्हा जाईल ते." उठला. दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, "तुम्ही लेखी द्या, सर. ती म्हणाली होती एवढंच. मी उद्याच्या उद्या तिला परत घेतो, पत्रासकट. कंपनीला काय सांगायचं ते मी बघतो. पण तुमच्या तोंडून यायला पाहिजे. मी तुम्हाला खोटं पाडू शकत नाही."

एवढा आदर कुठल्या गुरूच्या वाट्याला आला असेल? आणि तरी तो गेल्यावर मला जेवण गेलं नाही.

१५ ऑक्टोबर

दोन दिवस मसुदा करतोय. फोनवर लिहितो, खोडतो. 'शिवगंगेने सदर शब्दाबाबत शंका उपस्थित केली होती' हे कोरडं. 'शिवगंगा मला म्हणाली होती' हे खरं, पण पुढे 'आणि मी ऐकलं नाही' हे ओघानं येतं. ते लिहायला हात होत नाही. लाज म्हणावं तर तसंही नाही. शाळेत चुकलेल्या पोराला मी किती सहज सांगायचो, चुकलो म्हण. एक शब्द. किती मुलांनी म्हटला असेल तो माझ्यापुढे, हिशेब नाही. स्वतः म्हणायची वेळ कधी आलीच नव्हती, तोंडाला वळण नाही.

उद्या पाठवतो.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

काल पाठवायचा राहिला. आज दुपारी मजकूर पुरा झाला. तीन ओळी. 'शिवगंगेने मला सावध केले होते. मी ऐकले नाही. दोष माझा आहे.' वाचून पाहिला. चांगला उतरलाय, साधा आणि तोललेला. फक्त 'सावध केले' की 'बजावले' एवढं ठरायचं होतं. 'बजावले'त थोडा उद्धटपणा येतो, तिच्या वयाला शोभत नाही. पाठवायच्या खुणेवर अंगठा होता आणि बेल वाजली.

मला वाटलं नागसेन असेल.

दारात शंकरप्पा. धुतलेलं धोतर, कपाळाला विभूती, हातात पेढ्यांचा मोठा पुडा आणि काखेत नवी शाल. निलंग्याहून खास आले. मी काही म्हणायच्या आत माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

"माणिकप्पा गुरुजी, तुमचे उपकार कसे फेडावं," ते म्हणाले. "उदगीरवाल्यांचं पक्कं झालं. पाडव्याला साखरपुडा हाय. ती नोकरी गेली न्हसती तर पोरगी काय वळत न्हवती बघा. आता गप हाय. कायबी बोलत न्हाई. बोललंच न्हाई तिकडून आल्यापासून. हाव म्हन म्हटलं की मान हालवती."

मी विचारलं, माझ्याबद्दल काही?

"न्हाई की. उलट लग्नात मंगलाष्टका गुरुजींच्याच पायजेत, असं मीच ठरवलो. तिचं नाव घालून. पोरीलाबी बरं वाटंल."

फोन माझ्या हातात होता. पडदा आपोआप काळा झाला. शंकरप्पा वाकून चपला काढत होते, आणि तेवढ्यात मला पहिली ओळ सुचलीसुद्धा. मंगलाष्टकांचं वृत्त शार्दूलविक्रीडित, एकोणीस अक्षरं. त्यात शिवगंगा हे नाव एकाच ठिकाणी बसतं. अडचण एवढीच की बाराव्या अक्षरावर थांबावं लागतं, आणि तिथं ते नाव शेवटच्या अक्षराआधी तुटतं. ते चालवून घेता येईल.